डेंगी दुसऱ्यांदा झाला तर जास्त का बाधतो? अँटिबॉडी असूनही?

रानजाई:
पाऊस उघडझाप करायला लागला की डेंगीचे रिपोर्ट फिरू लागतात, आणि दरवर्षी एक वाक्य हमखास कानावर येतं: "मला एकदा होऊन गेलाय, आता भीती नाही." गोवराबद्दल कुणी असं म्हटलं तर बरोबर आहे. डेंगीबद्दल ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं धोक्याचं आहे.

डेंगीचे विषाणू चार, डेन-१ ते डेन-४. ज्याची लागण झाली त्याच्यापासून बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. बाकी तिघांपासून काही महिन्यांचं, फार तर वर्ष-दोन वर्षांचं. अल्बर्ट सेबिन (पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लशीवाले) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवर प्रयोग केले, त्यात हे प्रथम दिसलं. पुढे १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॉल्स्टेड यांना आढळलं की रक्तस्रावी डेंगी झालेली बहुतेक मुलं दुसऱ्या लागणीची आहेत. क्यूबात १९७७ साली डेन-१ची मोठी पण सौम्य साथ आली. १९८१ साली डेन-२ आला तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि १५८ दगावले.

म्हणजे आधीच्या लागणीतून तयार झालेली अँटिबॉडी पुढच्या विषाणूच्या उपयोगी पडते. हे नेमकं घडतं कसं? आणि ते कळल्यावर रिपोर्ट वाचताना, लशीचा विचार करताना, ताप उतरल्यावर काय वेगळं करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पेशीपुराण:
चांगला विषय. आधी यंत्रणा सांगतो.

अँटिबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. वरचे दोन हात विषाणूला धरतात, खालचा दांडा आपल्या पेशींशी बोलतो. मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या भक्षक पेशींवर या दांड्याला पकडणारे ग्राहक असतात, त्यांना एफसी-गॅमा ग्राहक म्हणतात. अँटिबॉडी विषाणूवर पुरेशा संख्येने आणि घट्ट बसली तर तो निकामी होतो. पेशीने गिळला तरी आत पचून जातो.

आता डेन-१साठी बनलेली अँटिबॉडी डेन-२वर बसते तेव्हा काय होतं? बसते, पण सैल. विषाणू जिवंतच राहतो आणि दांडा मात्र ग्राहकात अडकतो. पोलिसाने चोराला पकडलं पण बेड्या न घालताच तिजोरीच्या खोलीत नेऊन सोडलं, असा प्रकार. कारण डेंगीचा विषाणू वाढतो तोच मुळी या भक्षक पेशींमध्ये. शिवाय या वाटेने आत शिरलेला विषाणू पेशीची इंटरफेरॉनची (विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांची) हाकाटी दाबतो आणि प्रतिकार थंडावणारं आयएल-१० वाढवतो, असं प्रयोगशाळेत दिसलंय. परिणामी जास्त पेशी बाधित होतात आणि प्रत्येक पेशीतून विषाणूही जास्त बाहेर पडतात. याला अँटिबॉडी-आश्रित वर्धन म्हणतात, थोडक्यात एडीई.

सगळ्या अँटिबॉडी सारख्या दोषी नसतात. विषाणूच्या पृष्ठभागावर ई आणि प्रीएम अशी दोन प्रथिनं. पेशीतून बाहेर पडताना प्रीएम कापलं जायला हवं, पण डेंगीत हे काम बऱ्याचदा अर्धवट राहतं. प्रीएमविरुद्धच्या अँटिबॉडी विषाणूला मारण्यात कच्च्या आणि आत पोचवण्यात पक्क्या निघाल्या (२०१०, 'सायन्स'). उलट ई प्रथिनाच्या दोन रेणूंच्या जोडणीवर बसणाऱ्या काही अँटिबॉडी चारही प्रकारांना निकामी करतात. २०१५ मध्ये त्यांचं वर्णन झालं आणि लशीवाल्यांचं लक्ष आता तिकडे आहे.

कोकणकडा:
यंत्रणा पटली, पण एक शंका. आपल्याकडे निम्म्या लोकांना नकळत डेंगी होऊन गेलेला असतो म्हणतात. मग दुसरी लागण झालेल्या प्रत्येकाला आयसीयूत जावं लागायला हवं. तसं तर होत नाही. परीक्षानळीत दिसलेली गोष्ट माणसाला जशीच्या तशी लावायची का?

संख्याशास्त्री:
@कोकणकडा, शंका अगदी रास्त आहे. बरीच वर्षं शास्त्रज्ञांतही हाच वाद होता.

आधी आपले आकडे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीत ५ ते ४५ वयोगटात ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंगीची आयजीजी (लागणीनंतर दीर्घकाळ टिकणारी अँटिबॉडी) सापडली. पश्चिम विभागात ६२ टक्क्यांच्या वर, दक्षिणेत जवळपास ७७. वयानुसार बघा: ५-८ वर्षं २८ टक्के, ९-१७ वर्षं ४१, १८-४५ वर्षं ५६. म्हणजे आपल्याकडे दुसरी लागण ही रोजचीच गोष्ट आहे आणि बहुतेकांची सुखरूप पार पडते.

मग एडीई खोटं का? नाही. प्रमाणाचा खेळ आहे. मानाग्वा (निकाराग्वा) इथे हजारो मुलांचं रक्त दरवर्षी साठवून ठेवलं होतं. पुढे ज्यांना डेंगी झाला, त्यांच्या आजाराआधीच्या नमुन्यांतली अँटिबॉडीची पातळी तपासली (कॅट्झेलनिक, हॅरिस आणि सहकारी, २०१७). पातळी १:२१ ते १:८० (म्हणजे रक्तद्रव इतक्या पट पातळ केला तरी अँटिबॉडी दिसते) या पट्ट्यात असलेल्या मुलांना तीव्र डेंगीचा धोका अँटिबॉडी अजिबात नसलेल्यांच्या साडेसात पटींहून जास्त निघाला. त्याच्या वर पातळी गेली की धोका उतरत गेला. धोका आहे तो मधल्या पट्ट्यात.

पण साडेसात पट कशाच्या, तेही बघा. मूळ धोकाच लहान असेल तर साडेसात पट होऊनही बहुतेक मुलं बरी होऊनच घरी जातात.

पेशीपुराण:
+१. क्यूबाचा पुढचा भागही याला धरून आहे. सँतियागो दे क्यूबात १९९७ मध्ये पुन्हा डेन-२ आला. तीव्र आजार झाला तो जवळपास सगळा १९७७ साली डेन-१ झालेल्या मोठ्या माणसांना. त्यानंतर जन्मलेली मुलं वाचली. वीस वर्षांनीही धोका संपलेला नव्हता.

पातळीइतकाच दर्जाही महत्त्वाचा. अँटिबॉडीच्या दांड्यावर साखरेची एक साखळी असते. तिच्यात फ्युकोज ही साखर नसेल तर तो दांडा एफसी-गॅमा-३ए ग्राहकाला जास्त घट्ट चिकटतो. फ्युकोजविरहित आयजीजी-१चं प्रमाण ज्यांच्यात जास्त, त्यांचा आजार तीव्र होण्याकडे झुकतो. दाखल होतानाच्या रक्तातही हे दिसतं (२०१७ आणि २०२१, दोन्ही 'सायन्स'). तेव्हा "तुमची आयजीजी पॉझिटिव्ह आहे" एवढ्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही.

अनुजा_ठाणे:
तान्ह्या बाळांना तर पहिल्याच लागणीत गंभीर डेंगी होतो असं वाचलं. ते या हिशेबात कसं बसतं?

बालवैद्य:
अनुजाताई, एडीईच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. आईची आयजीजी वारेतून बाळात जाते. पहिले काही महिने पातळी भरपूर, बाळ सुरक्षित. मग साधारण दर ४० दिवसांनी ती निम्मी होत जाते. सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास ती नेमकी त्या मधल्या पट्ट्यात येते आणि तीव्र आजार तेव्हाच जास्त दिसतो. वर्षाच्या पुढे अँटिबॉडी संपतात, तसा हा धोकाही संपतो. हॉल्स्टेडना बँकॉकमध्ये हे दोन गट वेगळे दिसले होते: पहिली लागण झालेली तान्ही बाळं आणि दुसरी लागण झालेली मोठी मुलं.

म्हणून सहा-आठ महिन्यांचं बाळ, ताप, दूध ओढत नाही, मलूल आहे, हातपाय गार लागतात, अशा वेळी एनएस१च्या (डेंगीच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या चाचणीच्या) रिपोर्टची वाट बघत बसू नये. थेट दाखवावं.

नांदेडकर:
एवढं सगळं ठीक, पण लोक बघतात ते प्लेटलेट. ५० हजारांच्या खाली आल्या की घरात रडारड आणि रक्तपेढीकडे धावाधाव. खरं काय बघायचं?

बालवैद्य:
हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के जागा व्यापतात ते. रिपोर्टवर पीसीव्ही किंवा एचसीटी लिहिलेलं असतं. डेंगीत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यामुळे. पाणी गेलं की रक्त दाट होतं आणि पीसीव्ही चढतो. मूळ ३६ असलेला ४३च्या पुढे गेला म्हणजे २० टक्के वाढ झाली, ही धोक्याची घंटा. पीसीव्ही चढतोय आणि प्लेटलेट उतरताहेत, ही जोडी बघायची. त्यासाठी मूळ आकडा हवा, म्हणून तापाच्या पहिल्या तीन दिवसांत एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, त्यात पीसीव्ही आणि प्लेटलेट दोन्ही येतात) करून ठेवावा.

वेळही लक्षात ठेवा. झिरपणं सुरू होतं ते साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, ताप उतरतानाच, आणि २४ ते ४८ तास चालतं. घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. ताप उतरला आणि पोटात सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, माणूस गळून गेलाय किंवा चिडचिडा झालाय, चार-सहा तासांत लघवी नाही: यातलं एक जरी असलं तरी दवाखाना.

प्लेटलेट चढवण्याबद्दल: सिंगापूर-मलेशियात २० हजार किंवा त्याखाली प्लेटलेट असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढांवर चाचणी झाली (२०१७, 'लॅन्सेट'). प्रतिबंध म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले.

तापाला पॅरासिटामॉल, मुलांना किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान सहा तास. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, स्टिरॉइड यांतलं काहीही नको.

सूक्ष्मदर्शी:
प्लेटलेटचा आकडा वाचण्याआधी एक गोष्ट तपासा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. रक्त घेतल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट केली नाही तर बारीक गुठळ्या होतात आणि मशीनला प्लेटलेट कमी दिसतात. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्येच एकमेकींना चिकटतात. माणूस ठणठणीत आणि आकडा १८ हजार, असं दिसलं तर काचपट्टीवरचा स्मिअर बघायला सांगा. कडेला पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा नमुना घ्यायचा आणि येणाऱ्या आकड्याला १.१ने गुणायचं, कारण सायट्रेटचं द्रावण रक्त तेवढं पातळ करतं.

आता डेंगीच्या चाचण्या. दुसऱ्या लागणीत सगळा घोळ इथे होतो.

एनएस१ हे विषाणूचं प्रथिन. पहिल्या दिवसापासून पाचव्यापर्यंत बघायचं. दुसऱ्या लागणीत जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटून झाकून टाकतात, त्यामुळे चाचणी लवकर निगेटिव्ह येऊ शकते. एनएस१ निगेटिव्ह म्हणजे डेंगी नाही, असं म्हणू नये.

आयजीएम (नव्या लागणीत आधी येणारी अँटिबॉडी) साधारण पाचव्या दिवसानंतर. सरकारी सेंटिनल (साथीवर नजर ठेवणाऱ्या) रुग्णालयांत पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) तयार केलेलं मॅक-एलायझा (आयजीएम शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) किट वापरतात. दुसऱ्या लागणीत आयजीएम कमी येते, कधी येतच नाही. उलट एकदा आलेली आयजीएम दोन-तीन महिने टिकते, म्हणजे आजची पॉझिटिव्ह मागच्या आजाराचीही असू शकते.

आयजीजी पहिल्या लागणीत उशिरा आणि सावकाश वाढते. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ती जोरदार असेल तर ही दुसरी लागण समजून जास्त लक्ष ठेवावं.

रॅपिड कॅसेटवर या तिन्ही पट्ट्या असतात. किटच्या कागदावर दिलेल्या वेळेतच वाचावी. अर्ध्या तासाने उमटलेली पुसट रेघ ग्राह्य धरू नये. निदान पक्कं करायला एलायझा.

कोकणकडा:
सिंधुदुर्गातून एक प्रश्न. दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप असतो. त्याच्यामुळे डेंगीच्या चाचणीत गोंधळ होतो का?

सूक्ष्मदर्शी:
होऊ शकतो. माकडताप (क्यासनूर), डेंगी, झिका, जपानी मेंदूज्वर, सगळे फ्लॅव्हिव्हायरस कुळातले. आयजीजी एकमेकांच्या चाचणीत उमटते. झिका आणि जपानी मेंदूज्वराच्या बाबतीत हा घोळ जास्त. माकडतापाचा हंगाम हिवाळा ते उन्हाळा, गोचिडीतून पसरणारा, जंगलात माकडं मरून पडलेली आढळतात. जानेवारी ते मेमध्ये काजूच्या बागेत किंवा जंगलात जाणाऱ्याला ताप आला तर आधी माकडतापाची पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) करायला सांगा. दोडामार्गाला आणि पलीकडे गोव्यात सत्तरीला हे लागू.

पेशीपुराण:
झिकावरून आठवलं. निकाराग्वाच्याच मुलांत २०२० मध्ये असं दिसलं की आधी झिका होऊन गेला असेल तर पुढे डेन-२चा आजार होण्याचा आणि तो तीव्र होण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रात झिका २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यात बेलसरला आढळला आणि २०२४ मध्ये पुण्यात बरेच रुग्ण सापडले. तेव्हा हा संबंध आपल्याकडेही तपासायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

चाळकरी:
अंडी, पाणी, डास याबद्दल कुणीच बोलत नाहीये! एडिसची (डेंगी पसरवणाऱ्या डासाची) अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात. पाणी ओतून दिलं तरी पिंपाच्या काठाला चिकटलेली अंडी तशीच राहतात. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळताना पिंपाची आतली कड काथ्याने घासायला हवी. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. धुराच्या फवारणीने उडते डास मरतात, अळ्या तशाच. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर, टाकीचं फुटकं झाकण, या चार जागा आधी.

मधली_सुट्टी:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रतिसाद जसाच्या तसा डकवतेय. सेक्रेटरी काका कुंडीखालच्या बशांच्या मागे लागणार आता.

संख्याशास्त्री:
डासांचा विषय निघालाच आहे म्हणून: इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया जिवाणू (डासाच्या शरीरात डेंगीचा विषाणू नीट वाढू देत नाही) असलेले डास काही भागांत सोडले, काहींत नाही. सोडलेल्या भागांत डेंगी ७७ टक्क्यांनी कमी, रुग्णालयात दाखल होणं ८६ टक्क्यांनी कमी (२०२१). आपल्याकडे पुदुच्चेरीच्या आयसीएमआर केंद्राने असे डास तयार केले आहेत. हा उपाय चारही प्रकारांवर एकदम चालतो आणि एडीईचा प्रश्नच येत नाही, हा मोठा फायदा.

नांदेडकर:
मग लस? अँटिबॉडीच धोक्याच्या असतील तर लस म्हणजे मुद्दाम पहिली लागण करून घेणं झालं. मी तर म्हणेन डेंगीची लस कधीच घेऊ नये.

पेशीपुराण:
"कधीच" टोकाचं होतंय, नांदेडकर. पण भीती निराधार नाही, ती एका लशीबाबत खरी ठरलेली आहे.

डेंगव्हॅक्सिया, सनोफीची. पीतज्वराच्या लशीच्या विषाणूवर चारही डेंगींची प्रीएम आणि ई प्रथिनं चढवलेली, तीन डोस. २०१६ मध्ये फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून जास्त शाळकरी मुलांना दिली. २०१७च्या नोव्हेंबरात कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंगी झालेला नाही, त्यांना लशीनंतर तीव्र आजाराचा धोका वाढतो. लस त्यांच्या शरीरासाठी पहिली लागण ठरली आणि नंतर आलेला खरा विषाणू दुसरी. तिथे लोकांचा लसीकरणावरचाच विश्वास ढासळला. हे आधी तपासायला हवं होतं: चाचण्यांत लशीआधीचं रक्त थोड्याच मुलांचं घेतलं होतं.

आणखी एक उणीव. मारक टी-पेशी (विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या) डेंगीत मुख्यतः एनएस३, एनएस५ सारखी आतली प्रथिनं ओळखतात. डेंगव्हॅक्सियात ती पीतज्वराची होती, डेंगीची नव्हती. म्हणजे अँटिबॉडी तयार झाल्या आणि टी-पेशींची फळी कच्ची राहिली. डेंगीचं एनएस१ही नव्हतं. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या साखरेच्या अस्तराला इजा करून पाणी झिरपायला लावतं, असं २०१५ पासूनच्या प्रयोगांत दिसतंय. त्याविरुद्धच्या अँटिबॉडी विषाणूच्या कणावर बसत नाहीत, त्यामुळे एडीई करत नाहीत. लशीसाठी हे फार मोलाचं.

संख्याशास्त्री:
पुढच्या दोन लशी थोडक्यात.

टाकेडाची क्यूडेंगा: पाया दुबळ्या केलेल्या डेन-२ विषाणूचा, तीन महिन्यांच्या अंतराने दोन डोस. साडेचार वर्षांच्या पाठपुराव्यात आजारापासून ६१ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ८४ टक्के संरक्षण. पण आधी डेंगी न झालेल्यांत डेन-३विरुद्ध उपयोग दिसला नाही, आणि डेन-४चे रुग्ण फार थोडे. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती सरसकट सुचवत नाही. जिथे डेंगी फार पसरलेला आहे तिथे ६ ते १६ वर्षांसाठी.

दुसरी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने बनवलेली. तिच्यातल्या विषाणूंच्या जनुकाच्या टोकाशी ३० अक्षरं कापून ते दुबळे केलेत, आणि चारपैकी तिघांत एनएस१ आणि आतली प्रथिनं डेंगीचीच, त्या-त्या प्रकाराची आहेत. ब्राझीलच्या बुतांतान संस्थेच्या चाचणीत एका डोसने दोन वर्षांत सुमारे ८० टक्के संरक्षण, २०२५च्या अखेरीस तिथे १२ ते ५९ वयोगटाला परवानगी मिळाली. मात्र त्या दोन वर्षांत तिथे डेन-३ आणि डेन-४ फिरतच नव्हते. त्याच मूळ विषाणूंवर आधारलेली पॅनासिया बायोटेकची डेंगीऑल. आयसीएमआरबरोबरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली: १९ केंद्रं, १०,३३५ प्रौढ, दोन वर्षं पाठपुरावा. भारतात चारही प्रकार फिरतात, म्हणून तिचे निकाल ब्राझीलपेक्षा आपल्याला जास्त सांगतील.

नांदेडकर:
"कधीच" मागे घेतो. "चारही प्रकारांचे आकडे हातात आल्यावर" म्हणतो.

अनुजा_ठाणे:
पपईच्या पानांचा रस? आणि तिसऱ्यांदा, चौथ्यांदा झाला तर?

बालवैद्य:
पपईने काही अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर चढल्या. झिरपणं थांबतं किंवा मृत्यू टळतात, असं दिसलेलं नाही. रस कडू असतो, उलट्या वाढल्या तर पोटातलं पाणी जातं आणि तेच आपल्याला नको आहे. ओआरएस, नारळपाणी, पेज, ताक, थोडं थोडं पण सतत.

शिरेतून द्यायच्या पाण्याचाही हिशेब असतो. धोक्याची लक्षणं असताना किलोमागे ताशी ५-७ मिली एक-दोन तास, मग ३-५, मग २-३, दर टप्प्यावर पीसीव्ही बघून. झिरपलेलं पाणी ४८ तासांनी परत रक्तात येतं. तेव्हाही सलाइन चालूच ठेवलं तर ते फुप्फुसात साचतं. "अजून एक बाटली लावा" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

तिसरी-चौथी लागण: थायलंडच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या डेंगी रुग्णांत अशांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. दोन वेगळ्या प्रकारांनंतर अँटिबॉडी रुंद पल्ल्याच्या होतात.

रानजाई:
सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न, कारण असे रिपोर्ट नेहमी दिसतात: तापाचा तिसरा दिवस, एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. लोक "डेंगी नाही" म्हणून सोडून देतात. काय करावं?

सूक्ष्मदर्शी:
सोडून देऊ नये. जुन्या लागणीची आयजीजी आणि आत्ताचा वेगळाच ताप, ही एक शक्यता. दुसरी लागण असून एनएस१ झाकलं गेलं, ही दुसरी. त्याच दिवशी सीबीसी, पीसीव्हीचा आकडा कागदावर लिहून ठेवा. पाचव्या दिवसापर्यंत शक्य तिथे पीसीआर. सहाव्या-सातव्या दिवशी आयजीएम एलायझा पुन्हा. तोवर रोज एक सीबीसी, ताप उतरल्यावरही दोन दिवस. आणि डॉक्टरांना आयजीजीची रेघ दाखवून विचारा, "ही दुसरी लागण असू शकते का?"